माथ्यावरचा भार

१९११ साली सिक्कीमच्या उत्तर सीमेवरील पौहुनरी या शिखरावर तीन माणसे पोहोचली. शिखराची उंची ७,१२८ मीटर. मनुष्याने तोवर पादाक्रांत केलेल्या शिखरांत हे सर्वांत उंच होते. पण जुन्या मोजणीत त्याची उंची कमी भरत असल्यामुळे ही गोष्ट कित्येक दशके कोणाच्या ध्यानात आली नाही. तिघांपैकी एक होते अलेक्झांडर केलास, लंडनच्या एका वैद्यकीय विद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे स्कॉटिश अध्यापक. दुसऱ्याचे नाव नोंदीत ‘सोनी’ असे आढळते. तिसऱ्याचे नाव नाही. त्याच्यापुढे एवढेच लिहिले आहे : ‘तुनीचा भाऊ’.

आपल्या काळातील सर्वोच्च शिखराच्या नोंदीत एक माणूस स्वतःच्या नावाने नव्हे, तर भावाच्या नावाने उभा आहे. गिर्यारोहणाच्या इतिहासाची वही उघडली की पहिल्या पानावरच हा रिकामा रकाना दिसतो. याचा दोष केलास यांना द्यावा, तर तेही न्यायाचे होणार नाही. इतर युरोपीय गिर्यारोहक आल्प्समधून वाटाडे बरोबर आणत असताना केलास मात्र मुख्यतः स्थानिक माणसांना घेऊन हिमालयात फिरले. शेर्पांची ताकद आणि थंड डोके यांची पारख प्रथम त्यांनीच केली आणि ती लिहूनही ठेवली. विरळ हवेत मनुष्याच्या शरीराचे काय होते याचाही त्यांचा अभ्यास होता. उत्तम शरीरयष्टीचा मनुष्य कृत्रिम प्राणवायूशिवाय एव्हरेस्ट चढू शकेल, हे त्यांचे अनुमान १९७८ मध्ये राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर यांनी खरे करून दाखवले. एवढ्या काटेकोर माणसाच्या हातूनही सोबत्याचे नाव सुटले, यावरून त्या काळच्या नजरेत भारवाहकाचे स्थान काय होते ते कळते.

‘शेर्पा’ हा शब्द अलीकडे जी-२० परिषदेच्या बातम्यांतून घरोघरी पोहोचला. राष्ट्रप्रमुखांच्या शिखर परिषदेआधी वाटाघाटींचे ओझे वाहणाऱ्या अधिकाऱ्यास शेर्पा म्हणतात. त्यामुळे अनेकांना हा एखादा हुद्दा वाटतो. वस्तुतः ते एका लोकसमूहाचे नाव आहे. ‘शर’ म्हणजे पूर्व आणि ‘पा’ म्हणजे लोक. पूर्वेकडून आलेले ते शेर्पा. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी पूर्व तिबेटच्या खाम प्रांतातून हे लोक हिमालय ओलांडून नेपाळच्या सोलु-खुंबू भागात येऊन वसले.

व्यापारी घरांतील वाचकांना विशेष वाटावी अशी गोष्ट पुढे आहे. ओझे वाहणे हा शेर्पांचा मूळ धंदा नव्हेच. ते व्यापारी होते. ५,७०० मीटरहून उंच असलेल्या नांगपा खिंडीतून याकांचे तांडे तिबेटात जात. नेपाळच्या सखल भागातील तांदूळ, मका आणि इतर जिन्नस वर नेऊन तिकडून मीठ आणि लोकर आणायची, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार. या वाटेवरील व्यापार खुंबूच्या शेर्पांच्याच हाती होता. नामचे हे आजचे गिर्यारोहकांचे ठाणे म्हणजे त्या व्यापाराची पेठ. तिच्या नावातील ‘बझार’ त्याचीच साक्ष देतो. घरोघरी पेढी असावी तसा हा मामला होता. ज्याच्याकडे याक आणि भांडवल होते तो श्रीमंत, ज्याच्याकडे नव्हते तो दुसऱ्याच्या तांड्याबरोबर पाठीवर माल वाहणार. अशा गरीब घरांतील तरुण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांच्या दार्जिलिंगला मजुरीसाठी जाऊ लागले. रस्ते, चहाचे मळे, बांधकामे अशी कामे तेथे होती. पुढे मोहिमा आल्या आणि त्यांना माणसे हवी होती. १९५९ मध्ये तिबेटातील उठावानंतर सीमेवरील व्यवहार आवळला गेला, मिठाचा जुना व्यापार मोडला, आणि तोवर गरिबाचा मानला गेलेला मोहिमेचा रोजगार खात्यापित्या घरांनाही धरावा लागला. पेठ बंद पडल्यावर पेढीवरच्या माणसाने हमाली पत्करावी, तसे ते स्थित्यंतर होते.

शेर्पांच्या नावांचाही एक घोळ आहे. अनेक घरांत मूल ज्या वारी जन्मले त्या वाराचे नाव त्याला देतात. रविवारचा निमा, सोमवारचा दावा, मंगळवारचा मिंगमा, बुधवारचा ल्हाक्पा, गुरुवारचा फुर्बा, शुक्रवारचा पासांग, शनिवारचा पेम्बा. एका मोहिमेत चार पासांग आणि तीन दावा सहज असत. बाहेरून आलेल्या साहेबाला ही सारी नावे एकसारखी वाटत आणि अहवालात ‘एक शेर्पा’ एवढे लिहून तो पुढे जाई.

१९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ७ जून रोजी नॉर्थ कोलच्या उतारावर हिमकडा कोसळला आणि सात भारवाहक गाडले गेले. एव्हरेस्टच्या चढाईने घेतलेले हे पहिले बळी. ताज्या बर्फावर चढण्याचा निर्णय साहेबांचा होता आणि दोर बांधून मागे येणारे मात्र निर्णयात नव्हते. मोहिमेतील डॉक्टर हॉवर्ड सॉमरवेल यांना याची टोचणी आयुष्यभर राहिली. आपल्यापैकी एखादा इंग्रजही त्यात मेला असता तर निदान आपण हानीत वाटेकरी ठरलो असतो, अशा आशयाचे त्यांनी पुढे लिहिले. सॉमरवेल नंतर त्रावणकोरात आले आणि त्यांनी कित्येक वर्षे गरिबांवर शस्त्रक्रिया करण्यात घालवली. १९२४ मध्ये शामोनी येथील हिवाळी ऑलिम्पिकच्या प्रसंगी त्या मोहिमेला पदके देण्यात आली, त्यांत या सात मृतांचाही समावेश होता.

पुढचे दशक अधिक क्रूर होते. १९३४ मध्ये नंगा पर्वतावर जर्मन मोहीम वादळात सापडली. नेता विली मर्क्ल चालण्याच्या अवस्थेत राहिला नाही, तेव्हा गाइले नावाचा शेर्पा त्याच्याजवळ थांबला. तो खाली येऊ शकला असता; आला नाही. त्या मोहिमेत सहा शेर्पा मृत्यू पावले. तीन वर्षांनी त्याच पर्वतावर एका रात्रीत हिमप्रपाताने सोळा माणसे गिळली, त्यांत नऊ शेर्पा होते. १९३९ मध्ये के-टूवर डडली वुल्फ हा अमेरिकन वरच्या तळावर एकटाच अडकला. पासांग किकुली हा शेर्पा एका दिवसात पायथ्याच्या तळापासून दोन हजार मीटरहून अधिक चढून सहाव्या तळावर गेला. अशी चढाई तोवर कोणी ऐकली नव्हती. पहिल्या भेटीत वुल्फ खाली यायला तयार झाला नाही. किकुली, पासांग कितार आणि फिन्सू हे तिघे त्याला आणण्यासाठी पुन्हा वर गेले आणि परत आले नाहीत. ज्याचे प्राण वाचवायचे तो त्यांचा ना नातेवाईक, ना गाववाला.

याच काळात नावे लिहिण्याचे काम सुरू झाले. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या हिमालयन क्लबने दार्जिलिंगमध्ये शेर्पांची नोंदवही ठेवली. प्रत्येकाला क्रमांक आणि छायाचित्र असलेले पुस्तक मिळे, त्यात प्रत्येक मोहिमेचा नेता शेरा लिहून देई. उंचावर उत्तम काम करणाऱ्यांना ‘टायगर’ हा बिल्ला देण्याची प्रथा १९३० च्या दशकाच्या अखेरीस पडली. ती व्यवस्था साहेबांनी साहेबांच्या सोयीसाठी केलेली होती हे खरे. परंतु ‘तुनीचा भाऊ’ या नोंदीपासून छायाचित्र आणि क्रमांकापर्यंतचा हा प्रवास लहान नव्हता. या क्लबचा कारभार पुढे मुंबईत आला आणि त्याचे ‘हिमालयन जर्नल’ही मुंबईतूनच निघू लागले. त्याविषयी पुढे येईलच.

या टायगर बिल्ल्याच्या मानकऱ्यांत तेनझिंग नोर्गे होते. एव्हरेस्टवरील त्यांची १९५३ ची मोहीम सातवी होती. आदल्या वर्षी रेमंड लँबेर या स्विस गिर्यारोहकाबरोबर ते सुमारे ८,६०० मीटरपर्यंत जाऊन आले होते. १९५३ च्या मोहिमेत ते शेर्पांचे सरदार होते, म्हणजे आपल्याकडील टोळीचा मुकादम, आणि त्याच वेळी चढाई करणाऱ्या संघाचे सदस्यही. मोहिमेच्या प्रारंभी काठमांडूत ब्रिटिश वकिलातीत गोऱ्या सदस्यांना खोल्या मिळाल्या आणि शेर्पांची सोय गाड्यांच्या कोठीत झाली. शेर्पांनी त्याचा निषेध केला. २९ मे रोजी एडमंड हिलरी आणि तेनझिंग शिखरावर उभे राहिले. मग पहिले पाऊल कोणाचे यावर दोन-तीन देशांत वाद पेटला. दोघांनी ‘आम्ही बरोबर पोहोचलो’ एवढेच सांगितले. दोन वर्षांनी आत्मचरित्रात तेनझिंग यांनी हिलरी एक पाऊल पुढे होते हे स्वतः सांगून टाकले. ज्याच्या बाजूने लोक घोषणा देत होते त्यानेच ते सांगितले. हिलरी आणि मोहिमेचे नेते जॉन हंट यांना ‘सर’ हा किताब मिळाला, तेनझिंगना जॉर्ज पदक. या फरकाची चर्चा आजही संपलेली नाही.

भारताने मात्र तेनझिंग यांना योग्य जागी बसवले. १९५४ च्या नोव्हेंबरमध्ये दार्जिलिंगला हिमालयीन गिर्यारोहण संस्था स्थापन झाली आणि तेथील क्षेत्रीय प्रशिक्षणाचे पहिले प्रमुख तेच झाले. कालपर्यंत ओझे उचलणारा माणूस आज गुरू झाला. त्यांचे भाचे नवांग गोम्बू यांनी १९६३ मध्ये अमेरिकन मोहिमेबरोबर आणि १९६५ मध्ये कॅप्टन मोहनसिंग कोहली यांच्या भारतीय मोहिमेबरोबर एव्हरेस्ट गाठले. दोनदा एव्हरेस्टवर जाणारे ते जगातील पहिले. महाराष्ट्रातील असंख्य तरुणांनी बर्फावर पाय कसा रोवावा याचे पहिले धडे याच संस्थेत किंवा उत्तरकाशीच्या नेहरू संस्थेत घेतले आहेत.

महाराष्ट्राचा हिमालयाशी संबंध सह्याद्रीतून जातो. भिवंडीहून नाशिक महामार्गाने शहापूरकडे निघाले की डाव्या हाताला माहुलीचे सुळके दिसू लागतात. मालाच्या ट्रकमधून रोज तेथून जाणाऱ्यांना कदाचित त्यांची नावेही ठाऊक नसतील. परंतु मुंबई-ठाण्याच्या गिर्यारोहकांच्या कित्येक पिढ्यांनी दोर धरायला तेथेच शिकले. या परंपरेतील एक नाव भिवंडीच्या कापडबाजाराला जवळचे वाटावे. हरीश कापडिया हे मुंबईतील कापडव्यापारी. दुकानाचे गणित सांभाळून त्यांनी सह्याद्री पालथा घातला, त्याच्या वाटांवर पुस्तके लिहिली, आणि मग वर्षामागून वर्षे हिमालयातील अशा खोऱ्यांत गेले जिथे नकाशेही अपुरे होते. ‘हिमालयन जर्नल’चे संपादन त्यांनी दीर्घकाळ केले. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने २००३ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले.

१९७४ मध्ये नंदादेवीच्या परिसरातील देवतोली शिखराजवळ, सुमारे ६,२०० मीटर उंचीवर, कापडिया हिमभेगेत कोसळले. कंबरेचा सांधा निखळला. तेथून त्यांच्या साथीदारांनी तेरा दिवस त्यांना उचलून खाली आणले, तेव्हा कुठे हेलिकॉप्टर पोहोचू शकले. तेरा दिवस! हिमनदीच्या दगडधोंड्यांतून जखमी माणसाला नेताना प्रत्येक पाऊल दुसऱ्याच्या खांद्याने टाकले जाते. पुढे दोन वर्षे त्यांना कुबड्या घेऊन पुन्हा चालायला शिकावे लागले. नंतर ते अनेक दशके हिमालयात जातच राहिले. त्यांनी मुलाचे नाव ठेवले ‘नवांग’. गुजराती घरात हे तिबेटी-शेर्पा नाव. लेफ्टनंट नवांग कापडिया गुरखा पलटणीत दाखल झाले आणि नोव्हेंबर २००० मध्ये काश्मीरमध्ये दहशतवाद्यांशी लढताना हुतात्मा झाले.

एव्हरेस्टवर पाऊल ठेवणारा पहिला महाराष्ट्रीय म्हणून पुण्याच्या सुरेंद्र चव्हाण यांचे नाव घेतले जाते. मे १९९८ मध्ये, हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेतून, तिबेटच्या बाजूने ते वर पोहोचले. २०१२ मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेची मोठी नागरी मोहीम उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली गेली आणि १९ मे रोजी तिचे आठ गिर्यारोहक शिखरावर उभे राहिले. त्यानंतर ल्होत्से, मकालू, चो ओयू, धौलागिरी, मनास्लू अशी शिखरे या संस्थेने गाठली. मे २०१९ मध्ये तिचे दहा जण एकाच मोहिमेत कांचनजंगावर पोहोचले आणि २०२१ मध्ये अन्नपूर्णाही झाले. २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांची आदिवासी मुले एव्हरेस्टवर गेली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने त्यांचे कौतुक केले, आणि ते योग्यच होते. या प्रत्येक मोहिमेत वरचे तळ उभारणारे, दोर लावणारे, प्राणवायूच्या बाटल्या पोहोचवणारे हात शेर्पांचे होते. मुंबई-पुण्याच्या स्वागत समारंभांतील हारांपैकी त्यांच्या वाट्याला किती आले, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

कांचनजंगाचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. १९५५ मध्ये जॉर्ज बँड आणि जो ब्राऊन हे या शिखरावर प्रथम पोहोचले, पण शेवटची काही पावले त्यांनी टाकली नाहीत. सिक्कीमच्या लोकांसाठी ते शिखर देवतास्वरूप आहे आणि माथा अस्पर्श ठेवण्याचे वचन दिलेले होते. पुढील बहुतेक गिर्यारोहकांनी ती प्रथा पाळली. शेर्पाही आपल्या गावावरील खुंबिला या देवतेच्या डोंगरावर चढत नाहीत, आणि एव्हरेस्टवर जाण्यापूर्वी पूजा करून पर्वताची क्षमा मागतात, कारण खिळ्यांच्या बुटांनी देवीच्या अंगावर पाय देणे त्यांना अपराध वाटतो. अष्टापदाला मनोमन वंदन करणाऱ्या समाजाला ही भावना परकी वाटू नये. गौतमस्वामींच्या अष्टापद यात्रेची कथा तर पर्युषणात कानांवर पडतेच. पंधराशे तीन तापस वेगवेगळ्या पायऱ्यांवर थकून अडकले होते. गौतमस्वामी सूर्यकिरणांच्या आधारे वर गेले, आणि उतरताना त्या सर्वांना बरोबर घेऊन, एका पात्रातील खिरीने सर्वांचे पारणे करून पुढे निघाले.

उंचीवर शेर्पा सहज कसे वावरतात, याचे उत्तर काही अंशी त्यांच्या रक्तात आहे. सखल प्रदेशातील माणूस वर गेला की त्याचे शरीर घाबरून हिमोग्लोबिन वाढवत सुटते. रक्त दाट होते आणि हृदयावर ताण पडतो. हजारो वर्षे पठारावर राहिलेल्या तिबेटी आणि शेर्पा लोकांत अशी बेसुमार वाढ होऊ न देणारा जनुकीय गुण आढळतो. त्यांचे स्नायूही प्राणवायू काटकसरीने वापरतात. थोड्या भांडवलात मोठी उलाढाल करणाऱ्या जुन्या पेढीसारखे हे शरीर आहे. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच उरतो, तेथे हा गुण सोन्याच्या मोलाचा. पण कोसळणारा बर्फ कोणाच्या रक्ताची तपासणी करत नाही.

नेपाळी भारवाहक ‘डोको’ नावाची टोपली पाठीवर घेतो आणि तिला तोलणारा ‘नाम्लो’ हा पट्टा कपाळावरून घेतो. सारा भार माथ्यावर येतो. भिवंडीच्या गोदामांत उठणाऱ्या शब्दाशी याचे नाते चटकन जुळते : माथाडी. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. मानकोलीपासून पूर्णा-राहनाळपर्यंतच्या गोदामांत रोज जेवढा माल चढतो-उतरतो तो अशाच माणसांच्या बळावर. १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. अण्णासाहेब पाटील यांनी उभारलेल्या चळवळीचे ते फळ होते. नोंदणी, मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, उपदान, सुट्टीचा पगार या गोष्टी आज व्यापाऱ्याच्या हिशेबात ‘लेव्ही’ या एका शब्दात मावतात. लेव्हीच्या टक्केवारीवरून कुरबुर होते, टोळीच्या दरावरून वाद होतात. तरी माणसाचे नाव कोठेतरी लिहिलेले असते आणि त्याचा हात मोडला तर त्या दिवसाचा प्रश्न फक्त त्याच्या घराचा राहत नाही.

हिमालयात याचा हिशेब १८ एप्रिल २०१४ रोजी मांडावा लागला. एव्हरेस्टच्या दक्षिण वाटेवर खुंबूचा हिमप्रपात हा सर्वांत धोक्याचा टप्पा. गोठलेली नदीच कड्यावरून कोसळत असावी तसा तो भाग आहे, आणि तेथील बर्फ दिवसाला सुमारे एक मीटर सरकतो. भेगांवर अॅल्युमिनियमच्या शिड्या टाकून वाट करणारे शेर्पांचे एक खास पथक असते. पैसे भरून आलेला आरोहक या वाटेने हंगामात मोजक्या वेळा जातो. त्याचे तंबू, अन्न, प्राणवायू वर पोहोचवणारा शेर्पा त्याच्या कित्येक पट फेऱ्या करतो, त्याही बहुधा रात्रीच्या अंधारात, बर्फ घट्ट असताना. त्या दिवशी पहाटेनंतर वरच्या कड्यावरून हिमखंड सुटला आणि भार घेऊन चढणारे सोळा नेपाळी कामगार ठार झाले. तिघांचे देह मिळालेच नाहीत.

मृतांच्या कुटुंबांना तातडीची मदत म्हणून नेपाळ सरकारने ४०,००० नेपाळी रुपये जाहीर केले. भारतीय चलनात ही रक्कम पंचवीस हजारांच्या आसपास. एका परदेशी आरोहकाकडून सरकार केवळ परवान्यापोटी अनेक लाख घेत होते. तळावर जमलेले शेर्पा संतापले. त्यांनी मागण्या लिहून काढल्या आणि त्या हंगामात दक्षिणेकडून चढायला नकार दिला. हिमशिखरांच्या इतिहासात भारवाहकांनी पर्वत बंद ठेवल्याचा असा प्रसंग पूर्वी घडला नव्हता. अनेक परदेशी ग्राहक नाराज झाले. काहींनी आयुष्यभराची बचत यात घातली होती, त्यांचीही हळहळ खोटी नव्हती. पण मजुरांच्या मागण्या अवाजवी म्हणाव्या अशा नव्हत्या. उंचावर काम करणाऱ्यांच्या विम्याची किमान रक्कम दहा लाखांवरून पंधरा लाख नेपाळी रुपये करण्यात आली. पुढच्या वर्षी २५ एप्रिलला भूकंप आला आणि तळावर पुन्हा मृत्यू उतरला.

जैन शास्त्रात कर्माचा विचार करताना कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन मार्ग सांगितले आहेत : स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसऱ्याने केलेल्यास संमती दिलेले. बांध तिन्हींनी पडतो. एव्हरेस्टच्या हिमप्रपाताकडे या नजरेने पाहिले तर प्रश्न फार स्पष्ट होतो. धोका पत्करणे हा आरोहकाचा हक्क असेल. पण तो धोका पैशाच्या मोबदल्यात दुसऱ्याकडून दहापट पत्करून घेणे, हे कोणाच्या खात्यावर? हा प्रश्न फक्त एव्हरेस्टपुरता नाही. गिरनारच्या पायथ्याशी डोलीत बसणाऱ्याचे वजन काट्यावर होते आणि त्यावर दर ठरतो; पालिताण्याला आणि शिखरजीला वृद्ध आईवडिलांची यात्रा डोलीवाल्यांच्याच खांद्यावर पूर्ण होते. वजन यात्रेकरूचे होते, उचलणाऱ्याच्या गुडघ्यांचे होत नाही. अनेक यात्रेकरू उतरल्यावर डोलीवाल्याला ठरल्याहून जास्त देतात, त्याला आधी जेवू घालतात, त्याच्या मुलांची चौकशी करतात. काही जण शेवटच्या पायरीवर दहा रुपयांसाठी घासाघीस करतात.

शेर्पांबद्दल बोलताना आणखी एक भेद विसरला जातो. एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंत, म्हणजे गावांतून आणि जंगलांतून, सामान नेणारे बहुसंख्य भारवाहक शेर्पा नसतातच. ते राई, तामांग, मगर असे मध्य टेकड्यांतील लोक. सपाट चपला, पातळ कपडे, पाठीवर शेर्पा मालकाच्या मोहिमेचाच माल. काल ज्याने ओझे वाहिले तो आज दुसऱ्याच्या पाठीवर ओझे देतो, ही गोष्ट बाजाराला नवी नाही.

कारण मधल्या काळात धंद्याची सूत्रे बदलली. पूर्वी परदेशी कंपन्या ग्राहक आणत आणि शेर्पांना नोकरीवर ठेवत. आता काठमांडूतील अनेक मोठ्या कंपन्या नेपाळी मालकांच्याच आहेत. ‘सेव्हन समिट ट्रेक्स’ ही त्यांतील ठळक. तिच्या संस्थापकांतील मिंगमा आणि छांग दावा हे सख्खे भाऊ आठ हजार मीटरवरील सर्व चौदा शिखरांवर जाऊन आलेले आहेत. नांगपा खिंडीचा व्यापार गेला, पण व्यापारी रक्त गेले नाही असे म्हणता येईल. दर कमी, माणसे जास्त, गर्दी वाढली, आणि कमी दरात सुरक्षिततेची कात्री लागते की काय ही टीकाही त्यांच्यावर होते. व्यवसाय आपला झाला म्हणजे त्यातील दोषही आपले होतात.

१६ जानेवारी २०२१ रोजी के-टूवर जे घडले ते मात्र निर्भेळ आनंदाचे होते. हिवाळ्यात कोणीही न चढलेले आठ हजार मीटरवरील हे शेवटचे शिखर. दहा नेपाळी आरोहक वर पोहोचले, त्यांतील नऊ शेर्पा होते आणि दहावे निर्मल पुर्जा हे मगर. माथ्याच्या काही मीटर अलीकडे पुढचे लोक थांबले, मागच्यांची वाट पाहिली, आणि मग दहाही जण एका रांगेत राष्ट्रगीत म्हणत शिखरावर चालत गेले. पहिले पाऊल कोणाचे, हा वाद उपस्थितच होऊ नये अशी ती व्यवस्था होती. या वेळी बरोबर कोणी साहेब नव्हता, आणि दहाही नावे जगभर छापली गेली.

खुंबूतील थामे हे नांगपा खिंडीच्या वाटेवरचे गाव. तेनझिंग यांचे बालपण या परिसरात गेले. एकवीस वेळा एव्हरेस्ट चढलेले आपा शेर्पा येथलेच आणि कामी रिता शेर्पाही. आपल्या मुलांनी हे काम करू नये असे आपा यांनी अनेकदा बोलून दाखवले आहे. शिक्षण नव्हते म्हणून आपण पर्वतावर गेलो, असे ते सांगतात. १६ ऑगस्ट २०२४ रोजी वरच्या हिमसरोवराचा बांध फुटला आणि चिखल-पाण्याच्या लोंढ्यात थामेची घरे, शाळा आणि दवाखाना वाहून गेले. त्यानंतरच्या मे महिन्यात, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, कामी रिता ३१ व्या वेळी एव्हरेस्टच्या माथ्यावर होते. ते तेथे कामावर गेले होते. भारतीय सैन्याच्या एका तुकडीला त्यांनी वर नेले.